बिझनेस मॅनेजमेंटच्या डिग्रीची तयारी, आणि आधी ते पत्र घ्या

लॅपटॉप, वह्या, चार्जर, कॅल्क्युलेटर. झालं, यावर जास्त बोलायचं काही नाही. फक्त कॅल्क्युलेटर विकत घ्यायच्या आधी परीक्षेत कुठलं मॉडेल चालतं ते बघा, कॅशफ्लो भरायचे ते फायनान्सवाले कॅल्क्युलेटर सगळीकडे चालत नाहीत.

आणि लेखी परवानगी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ज्या कंपनीचा डेटा वापरणार त्या कंपनीचं सहीचं पत्र. अजून पहिलं लेक्चर झालेलं नाही आणि ही प्रोजेक्टचं काय घेऊन बसलीय असं वाटेल, वाटू दे. माझं सगळं वेळेवर होतं, फक्त हे एक राहिलं आणि त्या एकापायी तयार होत आलेला रिपोर्ट बाजूला ठेवायला लागला. त्यामुळे खाली हे परत परत येणार आहे.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाची कोर्स आउटलाइन काढा आणि अभ्यासक्रमाच्या आधी मार्कांची विभागणी वाचा. असाइनमेंटला किती, ग्रुपला किती, लेखीला किती, आणि मुख्य म्हणजे लेखीत वेगळं पास व्हायला लागतं का. बऱ्याच ठिकाणी एकूण मार्क भरले तरी लेखीचं किमान गाठलं नाही तर विषय राहतो आणि हे पोरांना निकाल लागल्यावर कळतं. मग सगळ्या सबमिशनच्या तारखा एका कागदावर लिहा, एकाच आठवड्यात तीन-चार गोष्टी येऊन आदळतात तो आठवडा लगेच दिसतो. प्रत्येक विषयाच्या सरांना बाकीच्या विषयांचं काही माहीत नसतं, त्यामुळे तारखा कोणी तुमच्यासाठी पुढे-मागे करणार नाही.

आता अकाउंट्स. याच्यावर वेळ घालवा, खरंच. मार्केटिंग करणार आहे, एचआर करणार आहे, मला काय करायचंय डेबिट-क्रेडिट असं म्हणणारे दुसऱ्या वर्षाला फायनान्समध्ये अडकतात आणि स्ट्रॅटेजीच्या केसमध्ये (कंपनीची परिस्थिती देऊन काय निर्णय घ्याल विचारतात ती) मागचे तक्ते वाचताच येत नाहीत म्हणून गप्प बसतात. डबल एंट्रीची पद्धत लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापून ठेवली, मुळात ती अजून तीच आहे, म्हणजे एकदा नीट बसली की जन्माचं काम होतं. पण ती वाचून बसत नाही. एक खोटा धंदा धरा आणि पंधरा-वीस व्यवहार हाताने लिहा, भांडवल आलं, माल घेतला, उधारीवर विकला, भाडं दिलं, मशीनचा घसारा काढला, आणि मग त्यातून नफा-तोटा, ताळेबंद आणि कॅशफ्लो तिन्ही स्वतः बनवा. सॉफ्टवेअर नको, एक्सेलही नको. ७०० चा माल रोखीने घेतला आणि सगळा १००० ला उधारीवर विकला तर नफा ३०० दिसतो आणि त्याच वेळी बँकेतून ७०० गेलेले असतात. नफा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यांत दिसलं की वर्किंग कॅपिटलचं (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा) अख्खं प्रकरण सोपं जातं. नाही दिसलं तर ते पाठ करत बसावं लागतं, आणि पाठ केलेलं वर्किंग कॅपिटल परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

एक्सेल येतं असं सगळेच म्हणतात. पिव्होट टेबल, लुकअप, एखाद्या सेलला डॉलरचं चिन्ह लावून फिक्स करणं, एवढं न अडखळता आलं पाहिजे. आणि एनपीव्हीचा (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत, वजा गुंतवणूक) फॉर्म्युला जपून वापरा, तो पहिला आकडा आजचा धरत नाही, पहिल्या वर्षाच्या शेवटचा धरतो. आज १००० घातले, दोन वर्षं दरवर्षी ६०० आले, दर १० टक्के, तर उत्तर ४१.३२ यायला हवं. तुम्ही उणे १००० सकट सगळी रांग त्या फॉर्म्युल्यात कोंबली तर ३७.५७ येतं, आणि आकडा बरा दिसतो म्हणून कोणी तपासतही नाही. सुरुवातीची गुंतवणूक फॉर्म्युल्याच्या बाहेर ठेवा आणि शेवटी वजा करा. बस.

स्टॅटिस्टिक्स शाळेपासून बुडालेलं असेल तर कॉलेज सुरू व्हायच्या आधीच उजळणी करा. सरासरी आणि मध्यक कधी वेगळे पडतात, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय, दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही, आणि रिग्रेशनचा तक्ता समोर आला तर कुठल्या ओळीकडे बघायचं. एवढं पुरतं.

थिअरीचं काय. टेलर १९११ (कामाच्या शास्त्रीय पद्धती), फेयॉल १९१६ (व्यवस्थापनाची तत्त्वं), हॉथॉर्नचे प्रयोग (कारखान्यातल्या कामगारांवरचे), मॅस्लो (माणसाच्या गरजांची उतरंड), हे परीक्षेला येतंच, वाचून टाका. पण स्लाइडवरून वाचू नका, जमेल तिथे मूळ लेख चाळा, मॅस्लोच्या १९४३ च्या लेखात तो प्रसिद्ध पिरॅमिड कुठेच नाही, नंतरच्या लोकांनी काढलेला आहे, आणि तुम्ही उत्तरात मॅस्लोने पिरॅमिड मांडला असं ठोकून दिलंत की वाचणाऱ्याला कळतं की यांनी फक्त स्लाइड बघितली. स्वॉटमध्ये तेच, ताकद आणि कमजोरी कंपनीच्या आतल्या, संधी आणि धोका बाहेरचे, तरी दर दुसऱ्या प्रेझेंटेशनमध्ये 'नवीन प्रॉडक्ट काढू शकतो' हे संधीत लिहिलेलं असतं. ती संधी नाही, तो तुमचा विचार आहे. बीसीजी मॅट्रिक्सला (कंपनीचे धंदे मार्केट शेअर आणि बाजाराच्या वाढीवरून चार खणांत बसवतात तो तक्ता) नुसता मार्केट शेअर घेऊन बसू नका, सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेतला शेअर लागतो. पोर्टरच्या पाच फोर्सेस (धंद्यातल्या नफ्यावर दाब आणणाऱ्या पाच गोष्टी) नुसत्या पाच मथळे म्हणून लिहिल्या तर काडीचे मार्क मिळत नाहीत, त्या धंद्यात नफा नक्की कोण खातंय, पुरवठादार, गिऱ्हाईक की आपसातली किमतीची मारामारी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

केस वाचताना आधी पहिलं पान, मग शेवटचं पान, मग मागचे तक्ते, आणि मग मधलं. निर्णय कोणाला घ्यायचाय आणि कधीपर्यंत घ्यायचाय एवढं समासात लिहा. पुढे त्या कंपनीचं काय झालं ते नेटवर शोधू नका, सगळी चर्चाच मेली मग.

ग्रुपवर्क. यात मैत्री जाते, त्यामुळे पहिल्या मीटिंगलाच लिहून ठेवा कोण काय आणि कधीपर्यंत, आणि सगळ्यांचं लिखाण एका आवाजात बसवायचं काम एकाच माणसाकडे, आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी. जो काहीच करत नाही त्याच्याबद्दल सरांना सांगायचं असेल तर मध्यावर सांगा, सबमिशननंतर सांगितलं तर ती नुसती चुगली वाटते. आणि तोंडी ठरलेलं काहीही धरून चालू नका, ग्रुपमध्येही नाही आणि कंपनीत तर नाहीच नाही.

कंपनी म्हटल्यावर आलंच. इंटर्नशिप. कपडे, वेळ, वागणं वगैरे तुम्हाला कळतं. पहिल्या दिवशी ज्या कागदांच्या चळतीवर सह्या घेतात त्यात गोपनीयतेचा करार असतो, तो वाचून सही करा आणि स्वतःकडे प्रत ठेवा. त्यात साधारण असं असतं की इथे बघितलेलं काहीही बाहेर न्यायचं नाही. म्हणजे नंतर तुम्हाला कोणी "घे गं, काय प्रॉब्लेम नाही" म्हणालं तरी कागदावर तुम्ही उलटं कबूल केलेलं असतं. मला अगदी हेच म्हणाले होते, माणूस चांगला होता, फाइलपण त्यानेच मेलवर पाठवली, मग तो नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या बाईंनी लीगलला विचारलं, लीगलने एका ओळीत नाही म्हणून कळवलं. विषय संपला. भांडायला माझ्या हातात काही कागदच नव्हता.

तर पत्र. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मागा, शेवटच्या नाही, शेवटच्या आठवड्यात लोक केक कापतात, सह्या करत नाहीत. लेटरहेडवर घ्या, नाहीतर निदान कंपनीच्या अधिकृत मेलवरून. सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का ते विचारा, तुमच्या मेंटरला बहुतेक नसतो, लाजू नका, सरळ विचारा. मजकुरात काय काय हवं: नेमका कुठला डेटा ('कंपनीचा डेटा' असं मोघम नाही, 'अमुक ते अमुक काळाची महिनावार विक्री, ग्राहकांची नावं वगळून' असं), कशासाठी वापरणार, कंपनीचं नाव छापायचं की झाकायचं, आणि रिपोर्ट कोण कोण वाचणार. हे शेवटचं फार लोक विसरतात. गाईड वाचणार, बाहेरचा परीक्षक वाचणार, आणि काही विद्यापीठांत प्रत लायब्ररीत किंवा ऑनलाइन संग्रहात जाते, कंपनीला हे आधी माहीत नसेल तर ऐन वेळी बिथरते. मसुदा तुम्हीच लिहून न्या, त्यांना फक्त सही करायला सांगा, 'लिहून देतो' म्हणणारा माणूस कधीच लिहून देत नाही. आणि त्या गोपनीयतेच्या कराराचा उल्लेख करून, हा वापर त्यातून वगळला आहे अशी एक ओळ घालून घ्या.

पत्र मिळाल्याशिवाय डेटावर एक चार्टसुद्धा काढू नका. तोवर लिटरेचर रिव्ह्यू करा, म्हणजे त्या विषयावर आधी झालेलं संशोधन वाचा, संदर्भ सांभाळायचं झोटेरो सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून संदर्भ त्यात टाका.

याच्या जोडीला विद्यापीठाची एथिक्सची मंजुरी. माणसांना प्रश्न विचारणार असाल, साधा ऑनलाइन फॉर्म फिरवणार असाल तरी लागू शकते, आणि ती डेटा गोळा करायच्या आधीच घ्यायची असते, मागाहून मिळत नाही. फॉर्मला कंपनीचं पत्र जोडायला सांगतात. कंपनीचं पत्र. परत तेच. आणि पर्यायी विषय एक तयार ठेवा, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात, त्याला कोणाची सही लागत नाही. शेवटी मी त्याच्यावरच भागवलं, रिपोर्ट ठीक झाला, पण ज्यावर खरा जीव लावला होता तो नाही.

प्रश्नावली केलीत तर एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नका. 'सेवा आणि किंमत याबाबत तुम्ही समाधानी आहात का' याला माणूस काय उत्तर देणार, सेवा चांगली आणि किंमत जास्त असेल तर? आधी आठ-दहा जणांना भरायला देऊन शेजारी बसा, कुठे थांबतात ते बघा. वय-उत्पन्न शेवटी विचारा.

रिपोर्ट लिहिताना सारांश सगळ्यात शेवटी लिहा. टर्निटिनचा (कॉपी तपासायचं सॉफ्टवेअर) टक्का बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, तो फक्त जुळणारा मजकूर मोजतो, चोरी आहे की नाही ते माणूस ठरवतो. पत्र परिशिष्टात. नाव झाकायचं ठरलं असेल तर परिशिष्टातल्या पत्रावरचं लेटरहेडपण झाका, नाहीतर अख्ख्या रिपोर्टमध्ये 'कंपनी अ' आणि मागे लोगो सकट नाव, असे रिपोर्ट बघितलेत मी. झाकली नसलेली एक प्रत गाईडकडे.

तोंडी परीक्षा: आपल्याच मर्यादा आपणच सांगा, सॅम्पल का एवढंच, ही पद्धत का. पत्राची मूळ प्रत बरोबर.

लेखी: जुने पेपर, वेळ लावून, हाताने.

नोकरीची तयारी शेवटच्या सत्राच्या आधीच सुरू करा, सीव्ही एक पान, प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं बोलता यावं, आणि नाव झाकायचं कबूल केलं असेल तर इंटरव्ह्यूतही झाकूनच बोला. ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-तीन जादा प्रती निकाल लागला की लगेच मागा, नंतर त्यासाठी फेऱ्या मारायला लागतात.