किनाऱ्याच्या पाण्याचं नियोजन करताना गावाला विचारताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आधी नकाशा रंगवायचा आणि मग गावाला दाखवायचा. गोव्याच्या किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याची 7 मार्च 2021 ची जनसुनावणी गोंधळात गेली. खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), वाळूच्या टेकड्या, मासेमारांच्या जागा नकाशात नीट आल्या नाहीत, ही मोठी तक्रार होती. हरित लवादाच्या आदेशानंतर 8 जुलैला सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. घाई करून चार महिने गेले ते गेलेच.

पाण्यात तर ही चूक आणखी सोपी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की तिथलं पाणी रिकामं दिसतं. नकाशावर ती जागा कोरी राहते आणि कुणीतरी तिथेच जलक्रीडेचा पट्टा आखतो. रापणीला बिनखडकाचा वाळूचा तळ आणि ओढायला मोकळा किनारा लागतो; मध्ये नांगरलेली एक बोट आली तरी जाळं अडकतं. म्हणून 1:4000 चा नकाशा मोठा छापा, वर पारदर्शक प्लास्टिक ठेवा, पावसाळ्याचा ताव वेगळा. रापण, काटाळी (मासे कल्ल्यांत अडकवणारी जाळी), तिसऱ्यो (शिंपल्या) यांना वेगळे रंग. मासेमार अक्षांश-रेखांश नाही, खुणा सांगतात: इगर्जेचा (चर्चचा) मनोरा अमक्या डोंगराच्या टोकाला भिडला की तिथे. होडीतून त्या जागी जा आणि जीपीएसवर नोंद घ्या. या नकाशावर दीड सेंटीमीटर म्हणजे 60 मीटर. सभेत बोट टेकवून जागा ठरवणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

दुसरी चूक सभेच्या तारखेची. अमावस्या-पौर्णिमेजवळ, उधाणाला, ओहोटी खूप खाली जाते. तिसऱ्यो काढणाऱ्या बायका तेव्हा नदीत असतात, सभेत असतो पंच आणि किनाऱ्यावरचा शॅकवाला (झोपडीवजा खानावळवाला). अष्टमी-नवमीच्या भांगाला, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सभा ठेवा. जून-जुलैच्या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत ट्रॉलरमालक मोकळे असतात खरे, पण परराज्यातले बरेच खलाशी गावी गेलेले असतात.

रापणकार आणि ट्रॉलरमालक यांना पहिल्याच सभेत एकत्र बसवू नका. किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत ट्रॉलर नको, या हद्दीचं भांडण जुनं आहे, तुमचा विषय निघणारच नाही.

खाजनाचं पाणी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, ठरतं. कूळसंघ (तिथल्या शेतकऱ्यांची संघटना) आणि मासे धरायला मानस लिलावात घेणारा, दोघांनाही विचारा.

सभा कोकणीत घ्या. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत कागद रोमी (रोमन) लिपीतही हवा.

व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवला म्हणजे लोकसहभाग झाला, असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. इतिवृत्त मात्र सभा उठायच्या आत वाचून दाखवा, सह्या घ्या आणि एक प्रत गावात ठेवा.