जखीण आणि राखणदार: एकमेकांचे वैरी असलेल्या भुतांची लव्हस्टोरी कशी लिहायची

मराठीत पॅरानॉर्मल रोमान्स लिहिणारे आता भरपूर झालेत, प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर नुसतं शोधलं तरी ढीगभर कथा मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये हिरो व्हॅम्पायर असतो, हिरोइन वेअरवुल्फच्या घराण्यातली असते, पहिल्या पाच भागांत दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात आणि सहाव्या भागात नजरानजर होते की वैर संपलं. असं का होतं माहितीये? कारण ते वैर उसनं घेतलेलं असतं. ही दोन घराणी मुळात का भांडतात हे लिहिणाऱ्याने कधी ठरवलेलंच नसतं, मग ते मिटवायलाही काही लागत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो म्हणून सांगते, वैऱ्यांची प्रेमकथा लिहायची असेल तर आधी वैर नीट लिहायला शिका, आणि त्यासाठी आपल्याकडची भुतं फार उपयोगाची आहेत, कारण प्रत्येकाला कडक नियम आहेत. कोण कसं मेलं, कुठे राहतं, काय मागतं, कशाला भितं, सगळं ठरलेलं.

१९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींच्या इंग्रजी नोंदी छापल्या गेल्या, त्यातली बरीच माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली होती. ती गोळा केली होती जॅक्सनने, हो तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या, आणि त्याच्यामागे एन्थोवेनने त्या नोंदी संपादित केल्या. त्यात भुतांच्या याद्याच आहेत. सवाष्ण मेलेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट, मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी (मुंजीची व्रतं संपवणाऱ्या विधीआधी) गेला तर मुंजा, पाण्यात बुडून मेलेला गिरा, गावाच्या शिवेवर असतो तो देवचार. आणि एक गोष्ट वाचताना टोचते, ती टोचायलाच हवी, की कुठल्या जातीचा माणूस मेल्यावर कुठलं भूत होतो हेही त्यात ठरवून दिलंय. म्हणजे मरूनसुद्धा जात सुटली नाही. खरं वैर शोधत असाल तर ते तिथे आहे. पिंपळावरचा ब्रह्मसमंध (ब्राह्मणाचं भूत) आणि गावाबाहेरचा खवीस (गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातीतल्या माणसाचं भूत) एकाच पाणवठ्यावर शंभर वर्षं एकमेकांना टाळतायत, यात तुम्हाला वेगळं काही शोधून काढावं लागत नाही, फक्त धीटपणे लिहावं लागतं.

(मुंजाबद्दल आत्ताच स्पष्ट सांगून टाकते. मुंजा हे लहान मुलाचं भूत आहे. त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून तो मोठा होत नाही. त्याला प्रेमकथेत हिरो करू नका. कथेत दुसरं कुठलंही काम द्या, निरोप्या करा, साक्षीदार करा, पण हे नको.)

आता एक जोडी घेऊन प्रत्यक्ष बघू. मी जखीण आणि राखणदार घेते. राखणदार म्हणजे शिवेवरचा देवचार, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, रात्री गावाची सीमा फिरणारा. गावाने वर्षाचा नारळ-कोंबड्याचा मान द्यायचा आणि त्याने बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हा करार. जखीण म्हणजे ह्याच गावची सून, कुंकू लावलेली असतानाच गेली, आणि समजूत अशी की जखीण नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला आणि तिच्या पोरांना त्रास देते. घाडीने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, तिला शिवेबाहेर एका झाडाला खिळवून ठेवलंय असं धरू. तिला आत यायचंय, त्याचं काम तिला आत येऊ न देणं. दोघांपैकी कुणीच दुष्ट नाही आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. वैर असं हवं. एकाचं म्हणणं खरं ठरलं की दुसऱ्याचं काहीतरी कायमचं जातं, असं.

लिहायला बसण्याआधी दोघांसाठी एकच प्रश्न कागदावर लिहा: याने किंवा हिने समोरच्यापुढे एकदा माघार घेतली तर नेमकं काय जाईल? राखणदाराने तिला आत सोडलं तर करार मोडला, पुढच्या वर्षी मान नाही, आणि मान नाही तर तो हळूहळू नुसतं एक वारं होऊन जाईल. तिने हट्ट सोडला तर तिची मुलगी कधीच दिसणार नाही. आणि इथे भुतांच्या कथेतली सगळ्यात छान गोष्ट वापरा, भुताचं वय थांबतं पण गावाचं नाही. ती चोविसाव्या वर्षी गेली, तेव्हा दोन वर्षांची असलेली मुलगी आता सत्तरीची म्हातारी आहे. जखिणीला हे माहीत नाही. राखणदाराला माहीत आहे, कारण तो रोज रात्री त्या घरावरून जातो, आणि तो सांगत नाही. हे न सांगणं आधी कामाचा भाग म्हणून असतं, मग दया म्हणून, आणि ज्या दिवशी ते त्याला जड जायला लागतं त्या दिवशी तुमची प्रेमकथा सुरू झाली. नजरानजर वगैरे काही लागत नाही.

नियमांनाच प्लॉट चालवू द्या. भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण कथांमध्ये ते फक्त घाबरवायला येतं, हिरोइन वळते, पायाकडे लक्ष जातं, किंकाळी, भाग समाप्त. त्यापेक्षा हे बघा: राखणदार सकाळी चिखलात तिची पावलं बघतो, ती गावाबाहेर जाताना दिसतात, तो निश्चिंत होतो. पण पाय उलटे असतील तर बाहेर जाणारी पावलं म्हणजे ती आत आली! इतकी वर्षं शीम (गावाची शीव) राखणाऱ्याला हे कळायला हवं होतं आणि तरी तो फसला, किंवा त्याने स्वतःला फसू दिलं, आणि हे दोन्हीतलं काय ते त्यालाही नीट सांगता येत नाही. एका समजुतीतून सस्पेन्स पण मिळाला आणि मनही उघडं पडलं.

स्पर्शाचं काय हे पहिल्या दोन भागांत ठरवून टाका आणि मग मोडू नका. हात लावता येतो का, लावला तर काय होतं, शिवेच्या दगडावर दोघांनी एकाच वेळी हात ठेवला तर चालतं का. मी असं ठेवीन की तो शिवेच्या आत, ती बाहेर, मध्ये एक पाऊल अंतर, आणि पंचवीस भाग ते अंतर तसंच राहील. रीडर अंतरासाठीच वाचत असतो.

झपाटण्याबद्दल गंभीरपणे बोलायला हवं. आपल्या कथांमध्ये सर्रास दिसतं की भूत हिरो हिरोइनला झपाटतो, तिला काही सुचेनासं होतं, आणि त्यालाच प्रेम म्हटलं जातं. झपाटलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मग त्याच्या हो ला किंमत काय? ताकद वापरायचीच असेल तर ती परत देण्याची गोष्ट लिहा. त्यासाठी गिरा बघा. कोकणात असं सांगतात की पाण्यातल्या गिऱ्याची शेंडी ज्याने कापून ठेवली त्याचा तो गुलाम होतो, सांगेल ते आणून देतो, पण सारखी शेंडी परत मागत राहतो, आणि एकदा मिळाली की तो काय करेल याचा भरवसा नाही. आता एखादी चेटकीण नाहीतर खाडीतली आसरा (पाण्यात राहणारी देवता), जिचं गिऱ्यांशी पिढीजात वैर आहे, तिने एकाची शेंडी उखळाखाली पुरून ठेवलीये असं समजा. तो रोज मासे आणतो, गोड बोलतो, आणि तिला कधीच कळणार नाही की यातलं किती खरं आहे, जोवर ती शेंडी परत देत नाही. देण्याचा सीन हाच तुमचा क्लायमॅक्स. त्यात डायलॉग कमीत कमी ठेवा.

शेवट कसा करायचा यावर बहुतेक जण अडकतात, कारण भुतांच्या कथेत मोक्ष हा सोपा रस्ता असतो, इच्छा पूर्ण, प्रकाश, ती गेली, तो रडला. चालतो, पण तो प्रेमाचा निकाल लावत नाही, टाळतो. जुन्या कथांमध्ये याहून हुशार शेवट आहेत. हिडिंबेला भावाने पांडवांना मारायला पाठवलं, ती भीमावर भाळली, भीमाने तिच्या भावाला मारलं, आणि त्यानंतर लग्न झालं ते अटींवर: दिवसा भीम तिच्यासोबत, रात्री परत भावांकडे, आणि मूल होईपर्यंतच. कुणी सगळं जिंकलं नाही. कच-देवयानीचं उलट आहे. देवांनी विद्या चोरायला पाठवलेला मुलगा आणि असुरांच्या गुरूची मुलगी, तिने त्याला परत परत जिवंत करवलं आणि शेवटी त्याने नकार दिला, कारण शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आल्यावर ती त्याला बहिणीसारखी. दोघांनी एकमेकांना शाप दिले, आणि तिला मिळालेल्या शापातूनच पुढे ययातीची गोष्ट निघाली. सिरीज लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, पहिल्या सीझनचा शाप हा दुसऱ्या सीझनचा प्लॉट असतो.

आणि लग्नच लावायचं असेल तर पुरंदर तालुक्यातलं वीर बघा. तिथे माघात श्रीनाथ म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचं लग्न लागतं, मोठी यात्रा असते. भाविक म्हस्कोबाला काळभैरवाचं रूप मानतात. इतिहासकार दामोदर कोसंबींनी मात्र पुण्याच्या आसपासच्या अशा देवतांबद्दल वेगळं मांडलंय, की म्हसोबा म्हणजे मुळात महिषासुर, आणि जी देवी एकीकडे त्याला मारते तिच्याशीच दुसरीकडे त्याचं लग्न लागतं. पटो न पटो, लेखकासाठी यात केवढं आहे बघा! वैर आणि लग्न दोन्ही एकाच वेळी खरं.

आमच्या जोडीसाठी मी शेवट गावाच्या हातात देईन. गुरव कौल लावतो (देवाचा होकार-नकार विचारतो), गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे सगळ्यांसमोर घातलेल्या मागण्यात, म्हाताऱ्या झालेल्या मुलीच्या तोंडून आईचं नाव येतं, लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि करारात एक नवीन मान जोडला जातो, वर्षातून एक रात्र शीम उघडी. राखणदार राखणदारच राहतो, जखीण बाहेरचीच राहते. बाकीच्या रात्री ते एक पाऊल अंतर तसंच.

भाषेबद्दल थोडंसं. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा पण भुतं ज्या गावची त्या गावचं बोलू द्या. "मी तुला कधीच आत येऊ देणार नाही" यापेक्षा "शीम वलांडलंस तर माका तुका अडवूचा लागतला" यात धमकी कमी आणि दुःख जास्त आहे, आणि पहिल्यांदा वाचताना रीडरला फक्त धमकी ऐकू येते. बोली येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजाने मालवणी लिहू नका, कोकणातले वाचक लगेच ओळखतात.

गाव मात्र काल्पनिक घ्या. आरवलीच्या वेतोबाला आजही लोक भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, गोव्यात देवचाराला आजही मान दिला जातो, ही जिवंत श्रद्धा आहे, तेव्हा खऱ्या देवस्थानाच्या देवाला रोमान्सचा हिरो करू नका. रीतीभाती घ्या, गावाचं नाव बदला, आणि आजी-आजोबांना विचारताना "कथेसाठी हवंय" असं आधीच सांगा, म्हणजे कुठलं सांगायचं आणि कुठलं ठेवायचं हे त्यांना ठरवता येतं.