सोनोग्राफीचा कोर्स? आधी हात कोण लावू शकतो ते बघा

बारावीनंतर ‘सोनोग्राफी टेक्निशियन, सहा महिन्यांत नोकरी’ अशी जाहिरात दिसली, तर लगेच पैसे भरू नका. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे (१९९४) गरोदर बाईच्या पोटावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग, फिरवायचा अधिकार पात्र डॉक्टरलाच आहे. एमबीबीएस झालेल्यांसाठी त्याचं सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण असतं. २०१४ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. म्हणजे त्या जाहिरातीतला डिप्लोमा घेऊन तुम्ही फार तर जेल लावाल, पेशंटचं नाव टाइप कराल आणि एफ फॉर्मची, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीची, फाइल सांभाळाल. त्यासाठी लाखभर रुपये कशाला?

इमेजिंगमध्येच काम करायचं असेल तर एक्स-रे, सीटी, एमआरआय शिकवणारी रेडिओलॉजीची पदवी बघा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) हा त्यातलाच एक. कॉलेज कुणाशी संलग्न आहे ते त्यांच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका, विद्यापीठाच्या यादीत शोधा. आणि प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होतं ते विचारून एकदा स्वतः जाऊन या. मशीनवर कापड टाकलेलं दिसलं तर समजा.

फी एकरकमी रोखीत देऊ नका. सत्रागणिक भरा, पावती संस्थेच्या नावाचीच घ्या, मध्येच सोडल्यास किती परत मिळेल ते लेखी मागा. कर्ज हवं असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. मात्र मान्यता नसलेल्या कोर्सला बँक सहसा हात लावत नाही. मूळ मार्कशीट ‘जमा’ करायला सांगितली की झेरॉक्स पुढे करा.