कपाला झबलं शिवताना या चुका टाळा

कापडाची एक पट्टी, तिची लांबीत दुमडलेली घडी, तीन बाजूंना टीप, इलास्टिकचा एक फास आणि एक बटण. कप कोझी, म्हणजे चहा गरम राहावा म्हणून कपाभोवती गुंडाळायचं कापडी झबलं, एवढंच काम. तरी पहिली कोझी बहुतेकदा कपाला बसत नाही, आणि बोल लागतो मशीनला नाहीतर स्वतःच्या हाताला. खरा घोळ कात्री उचलायच्या आधी, टेपपाशीच झालेला असतो.

कोझी दोन्ही टोकांना अपुरी पडली, तर तुम्ही जाडी धरलेली नाही. कपाच्या कानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचं माप २३ सेंमी आलं, त्यात दोन्हीकडची माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) मिळून २ सेंमी घातली आणि कापड कापलं. हिशेब बरोबर वाटतो, पण आत बॅटिंग, म्हणजे मऊ भरावाचा थर, आहे. जाड पट्टी गोल वळली की बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा लांब फेरा घ्यावा लागतो. तयार पट्टी ४ मिमी जाड असेल, तर पूर्ण फेऱ्यात हा फरक अडीच सेंमीच्या आसपास जातो. म्हणून दीडेक सेंमी जास्त धरा. आतलं कापड थोडं चुरगळेल. ते कुणाला दिसत नाही.

वरून घट्ट आणि खालून सैल बसत असेल, तर शिलाई उसवू नका, उपयोग नाही. कप खाली निमुळता आहे आणि घडी नेहमी सरळच पडते. घडीची कोझी उभ्या भिंतीच्या कपालाच शोभते. काठाचा आणि तळाचा घेर टेपने मोजा. फरक सेंमीभर असेल तर पट्टीची दोन टोकं खाली किंचित आत तिरपी कापून भागतं. त्याहून जास्त असेल तर घडीचा नाद सोडा. कपाभोवती कागद गुंडाळा, काठ आणि तळ पेन्सिलीने आखा, कागद उलगडा. जो वाकडा, कमानीसारखा आकार मिळेल त्याचेच दोन वेगळे तुकडे कापा.

उंचीचंही तसंच. काठाखाली दीड-दोन सेंमी जागा मोकळी हवी, नाहीतर पिताना ओठाला कापड लागतं. कप ९ सेंमी उंच असेल तर तयार कोझी साडेसहा पुरे. म्हणजे पट्टीची रुंदी तेरा अधिक माया २, एकूण १५. घडी वरच्या काठाला येऊ द्या, तिथे जाड शिवण नको. नक्षीला वर-खाली असेल तर घडी घालून आधीच बघून घ्या. एका अर्ध्या भागावरची फुलं उलटी लटकणारच, तो भाग आत घ्या.

सुती कापड न धुता कापलं आणि कोझी पहिल्या धुण्यात आखडली, तर आता इलाज नाही. पुढच्या वेळी आधी धुऊन, इस्त्री करून घ्या.

कोपरे गोळा झाल्यासारखे दिसतात, कारण बॅटिंग मायेत शिवली गेली. तीन बाजूंनी ती सेंमीभर आखूड कापा, कापडाच्या उलट्या बाजूला कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा आणि उलटवायच्या (उलट बाजूने शिवलेली कोझी फटीतून सुलट बाहेर काढायच्या) आधी कोपऱ्यांची माया तिरपी छाटा, टिपेपासून २ मिमी लांब राहून. शेवटी मधून एक-दोन टिपा मारायला विसरू नका, नाहीतर धुतल्यावर बॅटिंग सरकून खाली गठ्ठा होतो. पॉलिस्टर बॅटिंगवर कडक इस्त्री फिरवलीत तर ती चपटी होते, प्रसंगी वितळते. उष्णता अडवणारा चंदेरी थर घातला असेल, तर ती कोझी मायक्रोवेव्हमध्ये चुकूनही नको. ठिणग्या उडतात.

जाड थरांवर टाके सुटत असतील तर १६ नंबरची सुई लावा आणि टाका ३ मिमीपर्यंत मोठा करा.

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक म्हणजे उलटवल्यावर इलास्टिकचा फास आतच राहणं. फास सुलट्या बाजूवर, दोन थरांच्या मध्ये ठेवायचा. त्याची टोकं कच्च्या कडेकडे, गोल भाग आत. उलटं वाटतं खरं, पण तेच बरोबर. उलटवायची फट ६ सेंमी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे पक्की टीप घाला, नाहीतर उलटवताना ती उसवत जाते.

बटण शेवटी. पट्टी कपावर चढवा, फास हलका ताणा, तो पोचेल तिथे खडूने खूण करा आणि मगच सुई घ्या. कागदावरचं माप इथे बाजूला ठेवायचं.