चित्रपटासाठी रॉक बँडचा व्हिडिओ कसा करावा
चित्रपटातील दृश्ये आणि बँडचे वादन नुसते आलटूनपालटून दाखवू नये. दोन्ही एकाच कथेत गुंफावे. ‘टर्मिनेटर २’ या हॉलिवूड चित्रपटासाठी गन्स अँड रोझेस या रॉक बँडने १९९१ मध्ये केलेल्या ‘यू कुड बी माइन’ या गाण्याच्या व्हिडिओत अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगरने साकारलेला यंत्रमानव टर्मिनेटर थेट बँडच्याच मागावर येतो, आणि म्हणूनच तो व्हिडिओ जाहिरात न वाटता स्वतंत्र कलाकृती वाटतो. दृश्यांच्या वापराची परवानगी निर्मात्यांकडून आधीच लेखी घ्यावी. गायक संथ गतीत दाखवायचा असेल, तर सेकंदाला ४८ फ्रेम्सने (म्हणजे ४८ स्थिर चित्रांनी) चित्रण करताना गाणे दुप्पट वेगाने वाजवावे आणि गायकानेही त्याच वेगाने गावे, म्हणजे २४ फ्रेम्सने दाखवताना ओठ आणि शब्द जुळतात. ड्रमरची काठी सिंबलवर (ड्रमसोबतच्या धातूच्या झांजेवर) पडते तो क्षण मात्र संकलनात एकेक फ्रेम सरकवून तपासावा, कारण तिथली चूक लगेच खटकते.