अमेरिकेत शिकारी पक्षी पाळण्याचा परवाना कसा काढावा

ससाणा किंवा शिकरा पकडून पाळणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र पाळलेल्या पक्ष्याकडून शिकार करवण्याची ही जुनी विद्या रीतसर शिकता येते. हवाई सोडून बाकी ४९ राज्यांत परवाना मिळतो. फक्त क्रम चुकवू नका, पक्षी सगळ्यात शेवटी येतो.

१ जानेवारी २०१४ पासून केंद्राचा वेगळा परवाना लागत नाही, अर्ज राज्याच्या वन्यजीव खात्याकडे करायचा. केंद्राचे नियम किमान आहेत, राज्याचे त्याहून कडक असू शकतात. म्हणून आधी आपल्या राज्याची नियमावली वाचा.

मग गुरू शोधा. कायदा त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतो. तो किमान १८ वर्षांचा आणि जनरल दर्जाचा (शिकाऊच्या वरची पायरी) किमान २ वर्षांचा अनुभव असलेला हवा. सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. त्याच्यासोबत एक अख्खा हंगाम रानात फिरा, रोजची मेहनत पाहा आणि मगच ठरवा. शिकाऊ परवान्यासाठी वय १२ पुरे, पण १८ च्या आत असाल तर पालकांची सही लागते.

पुढे लेखी परीक्षा, त्यात ८० टक्के गुण हवेत. नंतर पक्ष्याच्या घराची तपासणी होते. पंख पसरता येतील एवढी जागा, बसायला आधार, अंघोळीचं भांडं आणि अचूक वजनकाटा लागतो. काटा हा या विद्येचा कणा आहे. जड झालेला पक्षी हाकेला येत नाही आणि फार हलका झाला तर जिवाला मुकतो.

परवाना हाती आला की पक्षी. शिकाऊला एका वेळी एकच ठेवता येतो, तोही घरट्यातून उचललेलं पिल्लू नको. बहुतेक जण शरद ऋतूत पहिल्या वर्षाचा रेड-टेल्ड हॉक (लाल शेपटीचा शिकारी पक्षी) पकडतात. बहिरी ससाणा आणि सोनेरी गरुड शिकाऊसाठी वर्ज्य. पक्षी आणला, सोडला, हरवला किंवा मेला, तर १० दिवसांच्या आत नोंद करायची.

शिकारीचा परवाना आणि हंगाम हे वेगळं प्रकरण, तेही पाळायचं. पक्ष्याला हंगाम कळत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. त्याने चुकून बंदी असलेलं सावज मारलं, तर त्याला तिथेच खाऊ द्या. उरलेलं जागेवर ठेवून निघायचं, पिशवीत काही टाकायचं नाही. माझ्या मते अख्ख्या नियमावलीतला सर्वांत शहाणा नियम हाच.

दरवर्षी किमान ४ महिने पक्षी सांभाळून, उडवून शिकार केली, अशी शिकाऊ म्हणून २ वर्षं काढली आणि वय १६ झालं की जनरल दर्जा आणि ३ पक्षी. त्यानंतर ५ वर्षांनी मास्टर, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा.

दिवाळीला भारतात यायचं असेल, तर शेजारी ४५ दिवसांपर्यंत पक्षी सांभाळू शकतो, पण तुमच्याच घरी, आणि त्याला तो उडवता येणार नाही. परवानाधारक मित्र असेल तर लेखी पत्र देऊन त्याच्याकडे १२० दिवस ठेवता येतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी ही सोय करून ठेवा.