वयात येणाऱ्या पोराची कादंबरी पडद्यावर आणायची तर

पुण्यात मला आत्तापर्यंत किमान दहा जण भेटले असतील ज्यांच्या सॅकमध्ये एक जुनी कादंबरी असते, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा, कोपरे दुमडलेले, आणि डोक्यात एकच की यावर पिक्चर करायचा. बहुतेक वेळा ती आठवी-नववीतल्या पोराची नाहीतर पोरीची गोष्ट असते. मी अशाच एका कादंबरीवरच्या छोट्या बजेटच्या पिक्चरची पटकथा लिहिली आणि शूटिंगभर डायरेक्शन टीममध्ये होते, त्यात जे कळलं ते इथे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं: कादंबरीतला पोरगा कायम तेरा वर्षांचाच असतो, पण तुम्ही कास्ट केलेला पोरगा दर महिन्याला वाढत असतो. हक्क, पटकथा, शेड्यूल, साउंड, सगळं या घड्याळावर लावायचं.

पहिलं काम हक्कांचं, आणि ते पटकथेचं पहिलं पान लिहायच्या आधी. लेखकाला फोन करा, शक्य असेल तर घरी जाऊन भेटा. प्रकाशक "आमची काही हरकत नाही" म्हणाले एवढ्यावर थांबू नका, कारण बऱ्याचदा त्यांच्याकडे फक्त पुस्तक छापायचे हक्क असतात, सिनेमाचे लेखकाकडेच राहिलेले असतात, आणि लेखक हयात नसतील तर वारसांकडे, आणि वारस तीन असले तर तिघांच्याही सह्या लागतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात लेखक गेल्यानंतर पुढचं वर्ष सुरू होतं तिथून ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे साने गुरुजी १९५० ला गेले, तर त्यांचं लिखाण २०११ पासून सगळ्यांना खुलं झालं. पण तुमच्या सॅकमधली कादंबरी बहुधा नव्वदच्या नाहीतर त्यानंतरच्या काळातली असणार, तिथे करार हवाच, आणि तो लेखी आणि सही केलेला. तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही, मग लेखक तुमचे मामा का असेनात.

करारात दोन-तीन गोष्टी नीट बघा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, मग उद्या परदेशातल्या फेस्टिव्हलला नाहीतर ओटीटीला द्यायची वेळ आली की परत लेखकाच्या दारात. आणि सगळ्यात दुर्लक्ष होतं ते याकडे: हक्क घेतल्यापासून एका वर्षात तुम्ही ते वापरलेच नाहीत तर ते परत जातात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आपल्यासारख्यांना पैसे जमवायलाच वर्ष जातं, त्यामुळे ही मुदत स्पष्ट लिहून वाढवून घ्या. आम्ही थोडी रक्कम आधी देऊन अठरा महिने मागितले आणि बाकीची शूटिंग सुरू व्हायच्या आधी दिली. पटकथेवर सल्ला लेखिकेचा, शेवटचा निर्णय आमचा, हेही पहिल्याच दिवशी बोलून कागदावर आणलं. तेव्हा दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं, पण पुढचं वर्ष शांत जातं.

आता पटकथा. कादंबरी दोनदा वाचा, मग पंधरा दिवस कपाटात ठेवा, आणि मग पुस्तक न उघडता जे आठवतंय ते कागदावर उतरवा. जे आठवलं तो तुमचा पिक्चर, थोडाफार फरक होईल पण कणा तिथेच असतो. या प्रकारच्या कादंबऱ्यांची खरी अडचण वेगळीच आहे. गोष्ट सांगत असतो मोठा झालेला माणूस, आणि घडत असते त्याच्या लहानपणी. त्या मोठ्या माणसाला सगळं कळलेलं असतं, बाबा का गप्प होते, ती मुलगी अचानक शाळा सोडून का गेली, आणि कादंबरीची सगळी गोडी त्या कळण्यात आहे. पडद्यावर तो मोठा माणूस नसतो, असतो फक्त पोरगा ज्याला अजून काही कळलेलं नाही. म्हणून प्रत्येक सीनच्या वर एक ओळ लिहायची, या क्षणी पोराला काय माहितीये आणि प्रेक्षकाला काय माहितीये. दोन्ही सारखंच असेल तर सीन बहुतेक नुसती माहिती देतोय, काढून टाका.

व्हॉइसओव्हरने हे सुटतं असं वाटतं. मी पण तेच केलं होतं. आमच्या कादंबरीत सदाशिव पेठेतला एक वाडा बिल्डरकडे जातो आणि नववीतला मुलगा ते सगळं बघतो. त्यात एक जागा होती जिथे मी दोन्ही वाचनांत खूण केली होती, त्याला पहिल्यांदा कळतं की आपले बाबा घाबरतात, आणि त्यापुढे दोन पानं नुसतं मनातलं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ते व्हॉइसओव्हरला टाकलं, दुसऱ्यात आईच्या तोंडी दिलं, दोन्ही वेळा सीन जागीच मेला. मग एकदा लेखिकेच्या घरी चहा पिता पिता त्यांनी सहज सांगितलं की त्यांचे वडील कुठल्याही ऑफिसात जाताना दाराबाहेर चपला काढायचे. मला तिथेच सीन मिळाला. बिल्डरचं एसी ऑफिस, काचेचं दार, बाबा चपला काढतात, शिपाई म्हणतो राहू द्या काका, या असेच, तरी बाबा त्या भिंतीला नीट जोडून ठेवतात आणि अनवाणी गार फरशीवरून आत जातात. पोरगा मागे उभा. स्वतःच्या बुटांकडे बघतो, आणि बूट न काढता आत जातो. पोराच्या तोंडी एक शब्द नाही. दोन पानांतलं सगळं आलं, आणि वर पोरगा बापापासून पहिल्यांदा वेगळा झाला तेही आलं, जे पुस्तकात पन्नास पानांनी येतं.

तर मनातल्या पानांसाठी हाच मार्ग, लेखकाला वाक्यांबद्दल विचारू नका, त्या वेळी हातात काय होतं, पायात काय होतं, खोलीत कुठे उभे होतात ते विचारा. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आणि त्यावरून सुजय डहाके यांनी केलेला २०१२ चा पिक्चर शेजारी शेजारी ठेवून बघा, त्याच्या पटकथेला रूपांतरासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. काय ठेवलं यापेक्षा काय सोडलं याची यादी करा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

काळ आवळायचा. कादंबरी चार-पाच वर्षं चालते, तुमच्याकडे एकच पोरगा आहे आणि त्याला चार वर्षं मोठा करायला ना वेळ आहे ना पैसे. आम्ही तीन वर्षांची गोष्ट एका शालेय वर्षात बसवली. जूनमधला पाऊस आणि नव्या वह्यांना कव्हर, गणपती, सहामाही, दिवाळी, गॅदरिंग, वार्षिक परीक्षा, सुट्टी. मराठी प्रेक्षकाला हे कॅलेंडर अंगात भिनलेलं असतं, तारखा सांगाव्या लागत नाहीत. पटकथा ९५ पानांच्या पुढे जाऊ देऊ नका, पडद्यावर पानाला साधारण एक मिनिट धरतात.

कास्टिंगला पोरांना डायलॉग पाठ करून आणायला सांगू नका. आई-बाबांनी बसवून घेतलेलं बोलणं लगेच कळतं, आणि त्यात त्या पोराचा काही दोष नसतो. आम्ही प्रत्येकाला विचारायचो, सायकलची चेन पडली तर तू काय करतोस ते मला करून दाखव. ज्याने न बोलता खाली बसून हवेत चेन चढवली आणि मग नकळत हात चड्डीला पुसले, तोच आम्ही घेतला. मोठा भाऊ, ताई, गल्लीतली पोरं यांच्यासाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा करणारी कॉलेजची मंडळी बघा, तालमीची सवय असते आणि मराठी स्वच्छ असतं. मुख्य पोराच्या आई-बाबांना भेटताना बाबांची उंची मनात नोंदवा, पोराचा आवाज फुटायला लागलाय का ते ऐका, आणि शाळेची पँट दोन मापांत शिवून ठेवा. दहावीतला पोरगा घेऊ नका, त्याच्या घरावर अन्याय होतो.

कायद्याचा भाग इथे कुणी टाळू नये. १४ वर्षांखालचं मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, हमीपत्र द्यावं लागतं. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस लागतो, आणि मुलाच्या मानधनातली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये टाकायची. हे ओझं वाटून घेऊ नका, ते पोरगं आहे, दुपारी त्याला झोप येते. पण गणित मात्र करा. आमचं शेड्यूल २४ दिवसांचं, म्हणजे पोराचे १२० तास, आणि तो ८० पानांत होता, म्हणजे पानाला दीड तास, त्यातच कपडे बदलणं, भूक, चुकणं, हसू आवरणं. म्हणून तो घरी गेल्यावर मोठ्यांचे क्लोजअप घ्यायचे, त्याच्या ओळी असिस्टंटने म्हणायच्या. मात्र ज्या सीनमध्ये बाप-लेक एकमेकांकडे खरंच बघतात तिथे ही काटकसर करू नका, फरक दिसतो.

या वयातलं आकर्षण दाखवायचं असेल तर ते अंतराने दाखवा, दप्तराच्या पट्ट्याने, एकाच बाकाने. अल्पवयीन मुलांकडून शारीरिक जवळिकीचे सीन करून घेऊच नका. सर्टिफिकेटचाही विचार पटकथेतच करा, २०२४ च्या नियमांपासून यूए मध्ये ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या आल्यात, आणि तेराव्या वर्षाची गोष्ट ए मध्ये गेली तर तेरा वर्षांची पोरंच ती थिएटरात बघू शकत नाहीत.

लोकेशनबद्दल थोडक्यात. शाळेची इमारत फक्त सुट्टीत आणि रविवारी मिळते, त्यामुळे मे महिना किंवा दिवाळी. पेठांतले वाडे कमी होत चाललेत आणि जे आहेत त्यांच्या भाडेकरूंचे मालकांशी वाद असतात, सगळ्यांशी बोला, एकाची परवानगी पुरत नाही. नव्वदचं पुणे दाखवायचं तर गल्ल्या आणि आतले चौक वापरा, मोठे रस्ते मेट्रोमुळे आणि फ्लेक्समुळे हाताबाहेर गेलेत. आर्टवाल्यांना सांगून ठेवा, पीएमपीएमएल २००७ ची, त्याआधी पीएमटी, आणि गोष्ट १९८९ च्या आधीची असेल तर एमएच १२ ची नंबर प्लेट फ्रेममध्ये येता कामा नये. ड्रोनचं स्वप्न असेल तर लोहगावला हवाई दलाचा तळ आहे हे लक्षात ठेवून आधी परवानगीचा नकाशा बघा. पर्वतीवरून घेतलेला साधा शॉट पण पुरतो. रेडिओवर वाजणारं जुनं गाणं कादंबरीत फुकट असतं, पिक्चरमध्ये त्याच्या रेकॉर्डिंगचे वेगळे आणि शब्द-संगीताचे वेगळे हक्क घ्यावे लागतात, आमच्या बजेटला ते झेपलं नाही म्हणून आम्ही त्या जागी क्रिकेटची कॉमेंट्री आवाज देऊन स्वतः करून घेतली.

आणि साउंड. या प्रकारच्या पिक्चरला मी सिंक साउंडच सुचवेन, म्हणजे शूटिंग चालू असतानाच खरा आवाज रेकॉर्ड करणं, कितीही त्रास झाला तरी. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज संध्याकाळी पार पेठांमध्ये येतो, त्या काळात रात्रीचे शांत सीन तिथे लावू नका. कुकरच्या शिट्ट्यांसाठी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी भेटून वेळ ठरवा, बहुतेक जणी आनंदाने थांबतात, उलट पोराला लाडू देऊन जातात. पण डबिंगवर सोडू नका, कारण तेराव्या वर्षीचा आवाज परत मिळत नाही. शेवटच्या दिवशी, पॅकअपच्या आधी, पोराला एका बंद खोलीत गाद्या-रजया लावून बसवा आणि त्याच्या सगळ्या ओळी नुसत्या आवाजात परत रेकॉर्ड करून घ्या, हाका, हसणं, धापा टाकणं, सगळं.

आम्ही ते केलं नाही. शेवटच्या दिवशी सगळे दमलेले, पोराला ताप, म्हटलं नंतर बघू. चार महिन्यांनी एडिटवर कळलं की तो घरात शिरताना मारतो ती हाक रिक्षाच्या हॉर्नखाली गेलीये. त्याला बोलावलं, तो आला, माझ्यापेक्षा उंच झालेला, आणि "आई, आलो" म्हणाला ते पुरुषी आवाजात. पंधरा वेळा घेतलं, त्याचं त्यालाच वाईट वाटायला लागलं. शेवटी ऑडिशनची टेप काढली, त्यात मध्येच त्याची आई दारात आली होती आणि तो चेन चढवता चढवता वळून ओरडला होता, "आई, आलो ना". ऑडिशनला आम्ही नशिबाने बरा माइक लावला होता. पिक्चरमध्ये तीच हाक आहे, त्या "ना" सकट.